चांगल्या कमाईसाठी पदवी लागतेच का, आणि लागली तर कधी?

मिरज तालुक्यातील एका पालकांचा प्रश्न आहे. मुलगा दहावीला ६४ टक्के मिळवून उत्तीर्ण झाला आहे. यंत्रांची मनापासून आवड, गणित बेताचे. घरी अडीच एकर शेती आणि जोडीला दुधाचा धंदा. नातेवाईक म्हणतात, अकरावीला सायन्स घेऊ द्या आणि इंजिनिअर करा, नाहीतर पोरगा जन्मभर हेल्परच राहील. मुलगा म्हणतो, आयटीआय करतो. पदवीशिवाय चांगली कमाई खरोखर होते का, की या नुसत्या सांगायच्या गोष्टी आहेत, असे वडिलांनी विचारले आहे. धाकटी मुलगी आठवीत आहे, तिच्याबद्दलही त्यांना हेच जाणून घ्यायचे आहे.

भोसरी-चाकण पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग तयार करणाऱ्या कारखान्यांत मी बरीच वर्षे प्रशिक्षण विभाग सांभाळला. शिकाऊ उमेदवार निवडणे, त्यांना मशीनवर उभे करणे आणि पुढे त्यांच्यातून सेटर, सुपरवायझर तयार करणे हे माझे काम होते. त्या कामावरून मला जे दिसले ते असे, की यांत्रिक क्षेत्रात चांगल्या कमाईची सुरुवात करायला पदवी लागत नाही, मात्र वयाच्या तिशीनंतर त्याच क्षेत्रात वर चढायचे असेल तर कुठला तरी पुढचा कागद जवळपास नेहमीच लागतो. म्हणून पदवी घ्यावी की न घ्यावी यावर घरात वाद घालण्यापेक्षा ती कोणत्या वयात, कोणत्या कामाच्या पाठबळावर घ्यावी, याचा हिशोब मांडणे अधिक उपयोगाचे ठरेल.

आधी ‘चांगली कमाई’ म्हणजे काय, हे ठरवून घेऊ. बहुतेक घरांत पहिल्या पगाराची तुलना होते आणि ती फसवी असते. विसाव्या वर्षी आयटीआय झालेला मुलगा चार पैसे घरी आणत असतो, तेव्हा त्याच्याच वर्गातला इंजिनिअरिंगचा विद्यार्थी पुण्यात खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे घरूनच मागवत असतो. पंचविशीत दोघांचे पगार अनेकदा एकमेकांच्या आसपास येतात. खरा फरक चाळिशीत दिसतो. घराचा हप्ता, मुलांची फी आणि घरात एखादे मोठे आजारपण, हे तिन्ही एकाच वर्षी आले तरी शेत विकावे लागू नये, इतके स्थिर उत्पन्न चाळिशीत हाती असणे याला मी चांगली कमाई म्हणतो. या मापाने पाहिले तर पदवी घेऊनही मागे पडलेले आणि पदवीशिवाय पुढे गेलेले, असे दोन्ही प्रकारचे लोक मी भरपूर पाहिले आहेत.

पदवीने नोकरीची हमी मिळते हा समज आता सोडून द्यायला हवा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि इन्स्टिट्यूट फॉर ह्यूमन डेव्हलपमेंट यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतविषयक रोजगार अहवालानुसार २०२२ साली पदवीधर तरुणांमधील बेरोजगारीचे प्रमाण २९.१ टक्के होते, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ते ३.४ टक्के होते. हा आकडा हल्ली ‘शिकून काय उपयोग’ असे म्हणायला वापरला जातो, आणि तो वापर चुकीचा आहे. ज्याला अक्षरओळख नाही तो बेरोजगार बसूच शकत नाही. संध्याकाळची चूल पेटवण्यासाठी तो मिळेल त्या मजुरीवर जातो आणि त्याची नोंद ‘काम आहे’ अशी होते. पदवीधर मुलगा मात्र घरच्यांच्या आधारावर दोन-तीन वर्षे थांबून राहतो, स्पर्धा परीक्षा देत राहतो. २०२४ च्या पोलीस भरतीत सुमारे साडेसतरा हजार जागांसाठी सतरा लाखांहून अधिक अर्ज आले. शिपाईपदासाठी बारावीची अट, आणि अर्जदारांत इंजिनिअर आणि वकीलसुद्धा. अशिक्षित माणूस पदवीधरापेक्षा सुखी आहे असे या आकड्यांतून निघत नाही. पदवीने अपेक्षा वाढवली पण हातात काम दिले नाही, एवढेच त्यातून निघते.

हे का झाले याचा थोडा इतिहास आपल्याच सांगली जिल्ह्यातून जातो. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ मध्ये विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. तोवर इंजिनिअर होण्यासाठी कर्नाटकात डोनेशन भरायला जाणारी मुले घराजवळ शिकू लागली. हे त्या निर्णयाचे मोठे श्रेय आहे. पुढे मात्र महाविद्यालये ज्या वेगाने वाढली त्या वेगाने ना चांगले प्राध्यापक वाढले, ना कार्यशाळा. आज ‘इंजिनिअर’ या एकाच शब्दात पुण्याच्या नामांकित सीओईपीचा पदवीधर आणि ज्याने चार वर्षांत लेथला स्वतःहून हात लावलेला नाही असा पदवीधर, दोघेही बसतात. कारखान्याचा दरवाजा त्यांना एकसारखा ओळखत नाही.

भरतीच्या वेळी आम्ही एक साधी चाचणी घेत असू. टेबलावर लेथवर कातलेली एक पिन, तिचे ड्रॉइंग आणि बारीक माप घेणारा मायक्रोमीटर. ड्रॉइंगवर व्यास ‘२५ एच सात’ (लहान लिपीतला एच, शाफ्टसाठीचा) लिहिलेला, म्हणजे पिन २५.००० मिलिमीटरपेक्षा जाड नको आणि २४.९७९ पेक्षा बारीक नको. पिन पास की फेल, एवढेच सांगायचे. पदवीधर उमेदवार टॉलरन्सची, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाची, व्याख्या अस्खलित सांगत, पण त्यांतले अनेक जण मायक्रोमीटरचे शून्य न तपासता मोजायला लागत आणि दाब बेताचा ठेवणारी टोकाची रॅचेट सोडून मोठी फिरती नळी, म्हणजे थिंबलच, पिळून घट्ट करत, त्यामुळे माप चुकत असे. आयटीआयचा मुलगा शून्य तपासून, रॅचेटचा टिकटिक आवाज ऐकून बरोबर माप सांगे, पण ही मर्यादा अशीच का ठेवली असेल असे विचारले की गप्प बसे. दोघांकडे निम्मी निम्मी विद्या असे.

कंपनी ज्या गोष्टीसाठी खरा पगार मोजते ती या दोन्हींच्या पलीकडची आहे. सीएनसी म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनवर हीच पिन निघत असते. शिफ्ट सुरू होताना माप २४.९८५ येते, दोन तासांनी २४.९८९, जेवणाच्या सुट्टीआधी २४.९९४. प्रत्येक पिन पास आहे, गेजमध्ये बसते आहे, आणि साधा ऑपरेटर सायकल स्टार्टचे बटण दाबत राहतो. ज्याला कळते तो थांबतो: इन्सर्ट (कापणारे पाते) झिजत चालला आहे, म्हणून व्यास वाढतो आहे, आणि आणखी शंभरेक पिननंतर माल रिजेक्ट व्हायला लागेल. तो वेअर ऑफसेटमध्ये, म्हणजे झीज भरून काढणाऱ्या आकड्यात, काही मायक्रॉनची दुरुस्ती करतो किंवा इन्सर्टची कड फिरवतो आणि वहीत नोंद करतो. या माणसाला सेटर म्हणतात. ऑपरेटर आणि सेटर यांच्या पगारात फरक पडतो तो इथे, आणि सेटर होण्यासाठी कुणीही पदवी विचारत नाही. त्यापुढे प्रोग्रॅमिंग शिकलेला, भाग पकडून ठेवणारे फिक्स्चर कसे असावे याबद्दल टूलरूमशी बोलू शकणारा सेटर नोकरी शोधत फिरत नाही. त्याला फोन येतात.

पण हीच वाट अनेकांना भोवते, आणि नातेवाइकांची भीती अगदी निराधार नाही. आयटीआयनंतरचा खरा धोका कंत्राटी फेऱ्यात अडकण्याचा आहे. ठेकेदारामार्फत कामावर घ्यायचे, २४० दिवस भरू नयेत (तितके भरले की कामगाराचे कायदेशीर हक्क सुरू होतात) म्हणून सात महिन्यांनी ब्रेक द्यायचा आणि मुलाने पुन्हा दुसऱ्या गेटवर नव्याने ऑपरेटर म्हणून उभे राहायचे, हे चाकण, रांजणगाव, वाळूज कुठेही पाहायला मिळते. मध्यंतरी ‘नीम’ या रोजगारक्षमता वाढवण्याच्या सरकारी योजनेत ट्रेनी म्हणून हजारो मुले लाइनवर उभी होती. प्रशिक्षणाच्या नावाखाली उत्पादन काढून घेतले जात होते आणि कालावधी संपला की हातात फारसे काही उरत नव्हते. अशा पाच वर्षांत मुलगा पाच कंपन्या पाहतो आणि एकच बटण दाबायला शिकतो. तिशीला तो विशीतल्या नव्या मुलाशी स्पर्धा करत असतो, आणि नवा मुलगा स्वस्त असतो.

म्हणून आयटीआयनंतरचे पहिले पाऊल मी शिकाऊ उमेदवारी कायदा, १९६१ खालील अधिकृत शिकाऊ उमेदवारीचे मानतो. ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांवर आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन आहे. २०१९ च्या नियमांनी किमान विद्यावेतन शिक्षणानुसार महिना ५,००० ते ९,००० रुपये ठरवले. ही रक्कम पुण्यात राहायला पुरत नाही, हे मान्य. पण अखेरीस परीक्षा देऊन मिळणारे राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र पुढे रेल्वेत, आयुध निर्माणींत, मुंबईच्या माझगाव डॉक या जहाजबांधणी कारखान्यासारख्या ठिकाणी उपयोगी पडते. तेव्हा त्याच वर्षात बाहेर ठेकेदार महिना पंधरा हजार देतो म्हणून शिकाऊ उमेदवारी अर्धवट सोडणे हा सर्वांत महागात पडणारा सौदा आहे.

सरकारी नोकरीची ओढ सगळ्याच घरांत असते, म्हणून तेही सांगतो. रेल्वेत सहायक लोको पायलट, म्हणजे इंजिनचालकाचा मदतनीस, दहावी आणि आयटीआयवर होता येते. महावितरणचा विद्युत सहायक इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन या ट्रेडवर (आयटीआयच्या अभ्यासक्रमावर) निवडला जातो, सुरुवातीला मानधनावर असतो आणि नंतर तंत्रज्ञ म्हणून कायम होतो. राज्यसेवा, तलाठी, बँक अधिकारी यांसाठी मात्र पदवी हवीच. आपल्या भागात साखर कारखाने आहेत. तिथल्या बॉयलरवर प्रमाणपत्रधारक बॉयलर अटेंडंटशिवाय काम चालवता येत नाही, आणि ते प्रमाणपत्र बाष्पके संचालनालयाच्या परीक्षेने मिळते. पहिल्या श्रेणीच्या अटेंडंटला हंगामात काय मान असतो, हे कारखान्यावर एकदा विचारून पाहावे.

काही व्यवसायांत हा सगळा विचार लागू होत नाही. डॉक्टर, वकील, वास्तुविशारद, माध्यमिक शिक्षक यांना कायद्यानेच ठरावीक पदवी लागते. तिथे हुशारी हा पर्याय नाही. औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून उभे राहायला किमान बारावीनंतरची डी. फार्म आणि नोंदणी हवी. सनदी लेखापाल होण्यासाठी मात्र पदवी अनिवार्य नाही, बारावीनंतर फाउंडेशन परीक्षेपासून तो मार्ग सुरू होतो, हे वाणिज्य शाखेच्या अनेक पालकांनाही माहीत नसते.

परदेशाचा विषय निघतोच. आखातात पाइप वेल्डिंगच्या कामासाठी जाणाऱ्याची चाचणी सिक्स-जी स्थितीत घेतात: पाइप ४५ अंशांत तिरका, जागच्या जागी पक्का बांधलेला, आणि वेल्डरने खालून, बाजूने, वरून सगळीकडून फिरून सांधा पूर्ण करायचा, मग त्या सांध्याचा एक्स-रे निघतो. तिथे कागदपत्रे बाजूला राहतात आणि एक्स-रेवर दिसणारा काळा ठिपका निकाल लावतो. मात्र दहावी नापास असलेल्याच्या पासपोर्टवर एमिग्रेशन (देशाबाहेर जाण्याच्या) तपासणीची अट येते आणि आखाती देशांसह ठरावीक देशांत नोकरीसाठी जाताना वेगळी परवानगी घ्यावी लागते, म्हणून ‘शिक्षणाने काय होते’ म्हणणाऱ्यांनीही दहावी सोडू नये. जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी महाराष्ट्राने २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. तिकडे इलेक्ट्रिशियन, वाहनचालक, परिचारिका अशांची गरज आहे, पण जर्मन भाषा आणि मान्यताप्राप्त प्रशिक्षणाचा पुरावा या दोन्हींवाचून तिथे पाऊल ठेवता येत नाही.

आता सेटरच्या पुढे काय होते, ते पाहू. पदवीची गरज तिथेच उभी राहते. माझ्या हाताखाली तयार झालेली अनेक मुले तिशीच्या आसपास एका जागी येऊन थांबली. काम उत्तम, पण स्टाफ ग्रेडसाठी, म्हणजे कामगारातून अधिकारी वर्गात जाण्यासाठी, कंपनीच्या नियमात किमान पदविका लिहिलेली. ग्राहकाचे ऑडिट इंग्रजीत, प्रक्रियेत काय बिघडू शकते याचे तक्ते इंग्रजीत, ईमेल इंग्रजीत. ज्याला मशीनचा आवाज ऐकून दोष कळतो, तो ऑडिटरसमोर बोलायला नवख्या इंजिनिअरला पुढे करतो, आणि दोन वर्षांनी तोच इंजिनिअर त्याचा साहेब होतो. हा अन्याय आहे की नाही यावर चहाच्या टपरीवर खूप चर्चा होते, पण नियम बदलत नाही.

ज्यांनी ही वेळ येण्याआधी तयारी केली, त्यांचे चित्र वेगळे आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड पूर्ण केलेल्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो, आणि पदविकेनंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात. काम सोडता येत नसेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून नोकरी करता करता पदवी पूर्ण करता येते. ती पदवी इंजिनिअरची नसली तरी पदवीधराची अट असलेल्या परीक्षांना चालते. चार-पाच वर्षे मशीनवर काढून मग पदविकेला बसलेला माणूस ‘स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स’चे पुस्तक वेगळ्या डोळ्यांनी वाचतो, कारण शाफ्ट कुठे तुटतो हे त्याने पाहिलेले असते. त्याला कागद मिळतो आणि त्या कागदाला वजनही असते.

या वाटेतील एक अडचण मात्र फारसे कुणी सांगत नाही. पदविकेच्या पहिल्या वर्षात जे गणित शिकवले जाते, ते थेट दुसऱ्या वर्षाला जाणाऱ्याचे सुटते, आणि दुसऱ्या वर्षात प्राध्यापक ते येते असे धरून पुढे जातात. आयटीआयची बरीच मुले तिथे अडखळतात आणि ‘आपल्याला जमत नाही’ म्हणून परत ऑपरेटर होतात. आपल्या मुलाचे गणित बेताचे आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितो. आयटीआयच्या दोन वर्षांत त्रिकोणमिती आणि बीजगणित त्याने सुटू देऊ नये. टर्नरला टेपर (निमुळता भाग) काढताना टॅनजंट लागतोच, त्यामुळे वहीत एरवी रुक्ष वाटणारे गणित वर्कशॉपमध्ये त्याच्या गळी उतरण्याची शक्यता जास्त आहे.

दहावीनंतर थेट तंत्रनिकेतनात पदविकेला जाणे हाही मार्ग आहे, आणि गणित बरे असते तर मी तोच आधी सुचवला असता. तीन वर्षांत काम होते. आयटीआय करून पदविका केली तर एक वर्ष जास्त जाते, पण हात तयार होतो. बेताच्या गणितावर अकरावी-बारावी सायन्स, लाखभर रुपयांचे क्लास, मग मिळेल त्या महाविद्यालयात वर्षाला लाख-सव्वा लाख फी भरून पदवी, हा मार्ग मी या मुलासाठी सुचवणार नाही. अडीच एकरांवर ते कर्ज झेपणार नाही, आणि चार वर्षांनी तो त्याच पिनपुढे मायक्रोमीटर पिळत उभा राहील.

कॉलेज न करता उद्योगपती झालेल्यांच्या गोष्टी मुलांना सांगितल्या जातात, त्याबद्दल एक शब्द. आपल्याजवळच्या किर्लोस्करवाडीचे उदाहरण घ्या. लक्ष्मणराव किर्लोस्कर स्वतःच्या हिकमतीने मोठे झाले हे खरेच. पण ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत यांत्रिक रेखाटन शिकले होते, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते, आणि पुढे त्यांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील एमआयटीत शिकून आले. शिक्षणाला तुच्छ लेखून ते घर उभे राहिले नाही.

मुलीचा विचार वेगळा करावा लागेल, आणि तो भावनेपेक्षा पैशाच्या कारणाने. २०२४-२५ पासून वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क राज्य शासनाने पूर्ण माफ केले आहे. आपण या प्रवर्गांत बसत असाल तर तिच्या पदवीचा मुख्य खर्च राहण्या-जेवणापुरता उरतो, आणि मग पदविका किंवा पदवी टाळण्याचे आर्थिक कारणच राहत नाही. शिवाय वर्कशॉपमध्ये मुलींना मशीनवर घेणाऱ्या कंपन्या आता पुष्कळ आहेत, पण रात्रपाळी, बस आणि राहण्याची सोय यांवर त्यांची वाट अजून अडते. हातात पदविका असली तर तिला क्वालिटी, डिझाइन, नियोजन अशा विभागांत शिरणे सोपे जाते. लग्नाच्या बाजारात पदवीला भाव आहे म्हणून ती घ्यावी, असे मी म्हणणार नाही, पण हा भाव मुलांच्या बाबतीतही चालतो आणि आयटीआय झालेल्या, चांगला कमावणाऱ्या मुलांची स्थळे ‘शिक्षण कमी’ म्हणून परत जातात, हे पालक म्हणून आपल्या कानावर आलेच असेल. त्या एका कारणासाठीही काही मुलांनी मुक्त विद्यापीठाची पदवी घेतलेली मी पाहिली आहे, आणि ती पुढे त्यांना बढतीत उपयोगी पडली.

मुलाच्या प्रवेशाचे म्हणाल तर ट्रेड निवडताना ‘लवकर संपतो’ म्हणून एक वर्षाचा निवडू नये. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन किंवा टूल अँड डाय मेकर यांपैकी दोन वर्षांचा घ्यावा, कारण पदविकेचे दार त्यानेच उघडते. राज्यात शासकीय आयटीआय चारशेहून अधिक आहेत आणि सगळ्या सारख्या नाहीत. ऑनलाइन अर्जात पसंतीक्रम भरण्याआधी मिरज, सांगली, इचलकरंजी, कोल्हापूर अशा दोन-तीन ठिकाणी मुलाला घेऊन स्वतः जावे आणि कार्यशाळा सुरू असतानाच पाहावी. लेथखालच्या ट्रेमध्ये लोखंडाचा ताजा कीस आहे का, की गंज आणि धूळ आहे, मशीनला वीजजोड आहे का, निदेशक कायम आहेत की तासिका तत्त्वावर, आणि आधीच्या वर्षीची मुले कोणत्या कंपनीत शिकाऊ उमेदवार म्हणून गेली, एवढे विचारले तरी पुरे. खासगी संस्था असेल तर त्या ट्रेडच्या त्या तुकडीला राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषदेची संलग्नता आहे का, ते लेखी पाहावे. संस्थेला आहे आणि तुकडीला नाही, असेही घडते. प्रवेश झाल्यावर भाषा विषयांची परीक्षा देऊन बारावीची समकक्षता मिळवण्याची सोय आहे, तिची चौकशी पहिल्याच वर्षी करावी. दोन वर्षांनी मुलगा नोकरीला लागला की तो अर्ज भरायला सुट्टी मिळत नाही, आणि पुढे पदवी घ्यावीशी वाटेल तेव्हा नेमका तोच कागद कमी पडतो.